खाली पतंग

काशीत ब्रह्माघाटाजवळ राहायला येऊन पाच महिने झाले. या भागात जुनी मराठी घरं आहेत, पण गल्लीतली पोरं बोलतात अस्सल बनारसी. परवा एक कटलेला पतंग गच्चीच्या कठड्याला अडकला. पोरं खाली जमली. मी ओरडलो, ‘‘रुको, पतंग खाली फेकता हूँ!’’ त्यातला सगळ्यात चिमुरडा मनगटाला नाक पुसत म्हणाला, ‘‘खाली पतंग काहे? मंझवा भी दीजिए!’’

खाली म्हणजे रिकामं, नुसतं. चाळीस वर्षांचं माझं हिंदी त्या एका शब्दावर आपटलं. निमूटपणे मांजा सोडवला, बोट कापून घेतलं.

हा साडेतीन फुटांचा गडी स्वतःला ‘हम’ म्हणतो. ‘हम दूध नहीं पिएँगे.’ आपल्याकडे असलं ‘आम्ही’ फक्त राजेरजवाडे म्हणायचे. इथे तो प्रत्येकाचा हक्क. मला तर हेवाच वाटतो.

आज संक्रांत, इथे तिला ‘खिचडी’च म्हणतात. त्याला तिळगूळ दिला, ‘गोड बोला’चा अर्थही समजावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, दोन वड्या खाल्ल्या आणि विचारलं, ‘‘मंझवा बचा है?’’