आघात वजा स्वर

'स्वर' या शब्दाची मराठीत दोन घरे आहेत : एक व्याकरणात, दुसरे संगीतात. व्यंजनाला स्वरावाचून पूर्ण उच्चार मिळत नाही, हे आम्ही दोघे वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. स्वराला व्यंजनाची कितपत गरज असते, हा उलटा प्रश्न मात्र आम्हांला व्याकरणाने घातला नाही. तो घातला नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या, घरी केलेल्या एका पत्र्याच्या डबीने.

मुलगा शिकायला पुण्यास गेला आणि त्याची इलेक्ट्रिक गिटार सोनईतच राहिली. तार छेडली की क्षणार्धात जो 'टण्' असा आघात होतो, तो काढून टाकणारे एक यंत्र असते. बॉस या जपानी कंपनीने 1979 मध्ये 'स्लो गिअर' नावाने ते बाजारात आणले आणि 1982 मध्ये बंदही केले. म्हणून हौशी मंडळी ते घरीच जुळवतात. बुधवार पेठेतून सुटे भाग आणून आम्हीही तो उद्योग आरंभला.

त्याची कल्पना सोपी आहे. गिटारचा संदेश दोन वाटांनी जातो. एका वाटेवर एक फेट ट्रान्झिस्टर दारवानासारखा बसलेला असतो. तो एरवी आवाज जमिनीत, म्हणजे अर्थकडे, सोडून देतो. दुसऱ्या वाटेवर तोच संदेश वाढवून, डायोडमधून एकदिश करून एका कपॅसिटरमध्ये भरला जातो. कपॅसिटर भरत जाईल तसा दारवान अर्थची वाट मिटत आणतो आणि आवाज पुढे येऊ लागतो. दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि शंभर किलोओहमचा रोध घेतला तर एका सेकंदात तो सुमारे 63 टक्के भरतो. तेवढ्या अवधीत आघात होऊन गेलेला असतो. उरतो तो कोठूनही सुरू न झालेला, धुक्यातून यावा तसा स्वर. शेवटच्या सांध्याला डाख देऊन तार छेडली, तेव्हा गिटारमधून व्हायोलिनच्या गजासारखा आवाज आला.

आघात गेला की वाद्याची ओळखच जाते. पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी 1948 मध्ये घंटेच्या ध्वनिमुद्रणातून ठोक्याचा भाग वगळला, तेव्हा उरलेल्या नादातून घंटा ओळखू येईना. आपल्याकडे मिरजेचे कारागीर हेच काम वेगळ्या रीतीने, केवळ दोऱ्याने करतात. तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवला की आघात नरमतो आणि नाद मागाहून फुलतो. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कीर्तीत या दोऱ्याचाही वाटा मानला पाहिजे.

डबी वाजू लागली आणि आम्हांला घरातलीच एक गोष्ट उमगली. आमच्याकडे आई आहेत. एकाची आई, एकीच्या सासूबाई. वय ब्याऐंशी. गेल्या काही वर्षांत त्या "ऐकू येतं रे, पण कळत नाही" असे म्हणू लागल्या होत्या. आम्ही आवाज चढवत गेलो, त्या गप्प होत गेल्या. उतारवयात श्रवण उणावते ते आधी वरच्या पट्टीत. आणि स, श, त, फ ही व्यंजने तेथेच, अगदी क्षीणपणे वसतात. 'साखर' म्हटले तर त्यांच्यापर्यंत दोन स्वर पोहोचतात, शब्द पोहोचत नाही. डबीने गिटारचे जे केले, तेच वयाने आमच्या बोलण्याचे केले होते. मोठ्याने बोलून वाढतो तो मुख्यतः स्वर. व्यंजन त्याखाली आणखीच दबते.

पुढे श्रवणयंत्र घेताना त्याच्या माहितीपत्रकात 'अटॅक टाइम' हा शब्द भेटला, तेव्हा ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले. मोठा आवाज आला की यंत्राने किती मिलिसेकंदांत स्वतःला आवरावे, याचे ते माप.

आमच्या डबीला एक मर्यादा आहे. स्वर एकामागून एक भरभर वाजवले तर कपॅसिटरला रिकामे व्हायला उसंत मिळत नाही. दार उघडेच राहते आणि दुसरा स्वर आघातासकट बाहेर पडतो. प्रत्येक स्वराआधी थोडे मौन लागते. आईंशी बोलताना आम्ही आता हेच पथ्य पाळतो : समोर बसायचे, ओठ दिसू द्यायचे, आवाज चढवायचा नाही आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडायची.

ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली, ते नेवासे आमच्या तालुक्याचे गाव. आई ती रोज वाचतात, आताशा मोठ्याने. स्वतःची व्यंजने त्यांना कानांनी ऐकावी लागत नसावीत; जिभेला आणि दातांना ती ठाऊकच आहेत.