पॅसेंजरनं केडगावला

"केडगावला गेल्या आणि पंडिता रमाबाई इतिहासातून संपल्या," इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी चहा पिता पिता निकाल देऊन टाकला. बाई लढाऊ होती, पुढे भजन-प्रार्थनेत अडकली, असा एकूण सूर. मला काही ते पटेना. मग पुण्याहून दौंडकडे जाणारी पॅसेंजर पकडली.

नुसतं 'केडगाव' म्हटलं की लोक नगरजवळच्या केडगावचा पत्ता देतात. हे केडगाव दौंड तालुक्यातलं. उरुळी, यवत मागे पडलं की दोन्ही अंगांना ऊस आणि मधूनच गुऱ्हाळाचा धूर. मुक्काम दौंडच्या एका लॉजवर केला. उशीला कुणाच्या तरी तेलाचा वास, आणि गरम पाणी फक्त भिंतीवरच्या पाटीत. सकाळी रिक्षावाल्यानं आधी नारायण महाराजांच्या बेटावर नेलं. दत्ताला हात जोडले आणि लगेच निघालो, तसा तो खट्टू झाला. 'रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये बघण्यासारखं काही नाही' हे त्यानं वाटेत पुन्हापुन्हा बजावलं.

मला बघायचं होतं ते तसंही डोळ्यांना दिसणारं नव्हतं. या बाईच्या वाट्याला काय काय आलं? दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. आईची तिरडी उचलायला माणसं पुरेनात. रमाबाईंची उंची कमी, म्हणून त्यांनी आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. पुढे भाऊ गेला. 1880 मध्ये लग्न झालं आणि 1882 मध्ये नवरा पटकीनं गेला. पदरात लहानगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

प्राध्यापक इथं म्हणतात, ते धर्मांतर म्हणजे ब्राह्मणी पुरुषसत्तेविरुद्धचं बंड. मान्य. पण बंडानं माणूस सुखी होतोच असं नाही, आणि रमाबाई झाल्याही नाहीत. वाँटेजच्या जोगिणींशी त्यांचे वाद चालूच राहिले. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या गळी उतरेना आणि बिशपांचा अधिकार मानवेना. 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या स्वच्छ सांगतात की ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळायला पुढे आणखी आठ वर्षं लागली. म्हणजे साधारण 1891. तोवर त्या हिंदुस्थानात परतल्या होत्या, मुंबईत 1889 मध्ये विधवा-मुलींसाठी काढलेलं शारदासदन पुण्याला आणलं होतं, आणि पुढे 1893 मध्ये धर्मप्रसाराच्या आरोपावरून पुण्यात त्यावर वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या. ख्रिस्त मिळाल्याच्या ज्या आनंदाविषयी त्या साक्षीत लिहितात तो या धामधुमीतला. आयुष्य सुरळीत झाल्यावर आलेला नव्हे. बंडाचा खुलासा इथं अपुरा पडतो.

आणि 'संपल्या' कशा? 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, सुमारे 300 मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून सगळ्यांना केडगावच्या माळावर आणलं. उपाशी पोरींचे डोळे त्यांना ओळखीचे असणार. तशीच उपासमार त्यांनी स्वतः काढली होती. 1900च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकांच्या हाती. मनोरमाबाईंनी आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं.

1905 मध्ये इथं मोठं संजीवन झालं: मुली रात्ररात्र रडत, पापं कबूल करत आणि मग हसत-गात सुटत. पाहुणे मिशनरी त्यावरच अधिक लिहितात. मला मात्र त्या गदारोळापेक्षा घाण्याचं आणि खिळे जुळवण्याचं अप्रूप जास्त.

आवारात एका ओसरीवर दोन आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. ओठांवर गाणं, चाल थेट ओवीची, देव येशू. एकीचा खडा दुसरीच्या ताटात उडाला, तशा दोघी खळखळून हसल्या. "इथं कशा आलात, आजी?" विचारलं. "टाकून दिलेली होते बाबा," एवढं बोलून त्यांनी पुन्हा सूर धरला. मी पुढं विचारलं नाही.

जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या. बाप्तिस्म्याच्या वेळी पदराशी असलेली लेक, आणि संस्था जिच्या हाती द्यायची तीही तीच. प्राध्यापकांना मी हेच विचारणार आहे की नुसत्या भजनात अडकलेली म्हातारी बाई यानंतर काय करते? रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून कित्येक वर्षं चालवलेल्या बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराकडे पुन्हा वळल्या. खेड्यातल्या बाईला कळेल असं ते हवं होतं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. 1924 मध्ये ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

जायचं असेल तर आधी कळवून जा. तिथं आजही बायकामुलं राहतात. फोटोसाठी दारं उघडायला लावू नका.