वादी कबीरचे चार आकडे

वादी कबीरला मस्कतकर जातो तो गॅरेजच्या कामासाठी. गेल्या दिवाळीआधी आम्ही गेलो ते टायर घ्यायला. नवऱ्याची २००८ ची गोल्फ जीटीआय, तिच्यावर त्याचा जीव माझ्याहून जुना! मुलांना घेऊन दोनशे किलोमीटरवरच्या सूरला जायचं होतं आणि टायरांच्या कडांना बारीक भेगा पडल्या होत्या. नक्षी मात्र शाबूत. इथे टायर झिजण्याआधी उन्हाने म्हातारे होतात.

दुकानदाराने मल्याळी वळणाच्या हिंदीत स्वस्तातला संच पुढे केला. माप बरोबर, २२५/४५ आर १७. पण वेगाचं अक्षर ‘व्ही’, म्हणजे ताशी २४० पर्यंत. नवऱ्याला ‘डब्ल्यू’च हवा, २७० चा.

“हायवेवर मर्यादा १२० ची. तुला २७० कशाला?”

“वेगासाठी नाही गं. वेगात टायर तापतो. ते सोसणारा टायर इथल्या उन्हात बरा.”

पटलं. मग ‘डब्ल्यू’वाले निघाले, तेही सवलतीत. पेपर तपासायची सवय सुटत नाही, म्हणून वाकून कडेवरचे चार आकडे वाचले: १४१९. २०१९ सालचा चौदावा आठवडा!

“दीदी, एकदम नया है.”

वापरलेला नव्हता हे खरं, पण रबराचं वय गोदामातही वाढतंच की. दुसऱ्या दुकानात सहा महिन्यांपूर्वीचे मिळाले, बरेच महाग. मी घासाघीस केली नाही, हे नवल.

कुरियातचा घाट निवांत पार पडला. वादी शाबला गाडी लावली, तर धाकटी शेजारच्या गाड्यांच्या टायरांवरचे आकडे मोठ्याने वाचत सुटली. एक निघाला २०१५ चा. तिला ओढून आणेपर्यंत त्याचा मालक आलाच.