उतरवलेलं छप्पर

मंचरच्या बाजारात मी एका आडतीवर दिवाणजी आहे. वजनं टिपायची, हिशेबपट्ट्या करायच्या, शेतकऱ्याच्या हातात पैसे ठेवायचे. त्याच टेबलावर, आवक कमी असलेल्या दिवसांत, सहा वर्षांत मी एक कादंबरी लिहिली. फुलस्केपची 412 पानं. विषय आमच्या तालुक्याचाच. तालुक्याचं नाव आंबेगाव, पण ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. आईचं माहेर त्याच बुडालेल्या घोड नदीच्या खोऱ्यातलं.

लिहून झाल्यावर पुढं काय करायचं, हे सांगणारं जवळपास कोणी नव्हतं. एका प्रकाशकाकडं सगळं बाड घेऊन गेलो. त्यांनी पहिलं पान वर केलं, पानं किती ते विचारलं आणि छपाईचा खर्च सांगितला, 70 हजार रुपये. मी ते पैसे जमवायलाही लागलो होतो. तेवढ्यात मंचरमध्येच कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा असल्याचं कळलं. शिकवायला येणार होत्या त्या बाई पुण्यात तीस वर्षं संपादनाचं काम करून निवृत्त झालेल्या.

आम्ही अकरा जण होतो. त्यांत दोन शिक्षक, एक अंगणवाडी सेविका, ओतूरकडचा एक शेतकरी आणि तमाशासाठी वग लिहिणारे नारायणगावचे एक गृहस्थ. त्यांना सगळे मास्तर म्हणत.

बाईंनी सुरुवातीला संपादक हा माणूस काय करतो ते सांगितलं. ‘सत्यकथे’चे राम पटवर्धन, ‘मौजे’चे श्री. पु. भागवत यांनी लेखकांच्या हस्तलिखितांवर किती कष्ट घेतले, हे त्या बोलल्या. मला तोपर्यंत वाटायचं, संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणं. लेखकाला काय म्हणायचंय ते त्याच्याआधी ऐकू येणारा कोणी माणूस असतो, हे माझ्यासाठी नवीन होतं.

मग प्रत्येकानं आपली पहिली पाच पानं मोठ्यानं वाचायची होती. माझ्या पाच पानांत धरणाचा इतिहास होता. सर्वेक्षण, नोटिसा, कालवे, कुठल्या तालुक्याला पाणी गेलं ते. मी वाचून थांबलो. बाईंनी विचारलं, “पाणी येणार हे कळल्यावर तुमच्या आजोबांनी घरातलं पहिल्यांदा काय हलवलं?”

मला उत्तर देता येईना. सहा वर्षं त्या खोऱ्यावर लिहीत होतो आणि हे मी कधी विचारलंच नव्हतं.

रात्री जेवताना आईला विचारलं. ती भाकरी मोडता मोडता थांबली. म्हणाली, “छप्पर. आधी कौलं उतरवली, मग वासं. लाकूड चांगलं होतं, वर नवं घर बांधायला लागणार होतं. आठ दिवस आम्ही नुसत्या भिंतींच्या आत झोपलो. तू माझ्या कुशीत होतास, वर बघून हसायचास. तुला चांदण्या दिसायच्या ना.”

मी उठून वही आणली. ती बोलत राहिली. चुलीचा धूर सरळ वर जायचा. मांजर भिंतीवरून चालायचं. आजीनं उघड्या घरातही रोज सारवण केलं. हिरड्याची झाडं तेवढी नेता आली नाहीत. उन्हाळ्यात बाळहिरडा वेचून सुकवायचा, त्यावर घरात मीठमिरची यायची. त्या झाडांजवळ आजोबा शेवटच्या दिवशी बराच वेळ बसून होते. हे सगळं माझ्या 412 पानांत कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. त्यांनी माझं बाड पुढं ओढलं आणि पेन्सिलीनं पहिल्या पानापासून 64 व्या पानापर्यंत समासात एक उभी रेघ ओढली. “हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं, म्हणून लिहिलंत. वाचकाला ते छपराखाली, म्हणजे छप्पर नसलेल्या घरात, आपोआप कळेल.” वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मी रोज कांद्याची निवड बघतो. गोळा, गोल्टी, बदला वेगवेगळे केल्याशिवाय ढिगाला भाव लागत नाही, हे मला कोणी समजावायला नको होतं. फरक एवढाच, की ही निवड करताना हात माझाच थरथरत होता.

दुपारी प्रकाशकाला काय सांगायचं, यावर बोलणं झालं. इथं आम्हाला सगळ्यांत जास्त शिकवलं ते मास्तरांनी. नारायणगावला हंगामात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. मास्तर म्हणाले, “कमिटीवाला चार राहुट्या फिरून आलेला असतो. त्याला मी वग चांगलाय असं सांगत नाही. राजा कोण, त्याचं काय हरवलंय आणि ते कुणाकडं सापडणार नाही, एवढंच सांगतो. पुढचं तो स्वतः विचारतो.” बाईंनी सगळ्यांना याच मापानं आपापली गोष्ट सांगायला लावली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “एक म्हातारा स्वतःच्या हातानं घर उतरवतो आणि वर डोंगरावर नेतो. त्याची बायको खाली उघड्या घरात सारवण करत राहते.” कोणी काही बोललं नाही. अंगणवाडीच्या ताईंनी विचारलं, “मग ती गेली का वर?”

बाईंनी आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली. धरणग्रस्तांवर विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ 1991 साली आली, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे. प्रकाशकाला ती माहीत असणार. म्हणून पत्रातच लिहा, की तुमची गोष्ट तिच्याहून वेगळी कुठं आहे. एक पानाचा सारांश, पंधरा-वीस पानांचा नमुना, युनिकोडमध्ये टाइप केलेला, आणि त्या प्रकाशकानं आधी काय छापलंय ते वाचूनच पाठवायचं. करारात अनुवादाचे, चित्रपटाचे हक्क वेगळे लिहून घ्यायचे. पहिलं पुस्तक असेल तर साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचीही चौकशी करायची. 70 हजारांचं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, “ते पैसे आईच्या नावानं ठेवा.”

पुस्तक लोकांपर्यंत न्यायचं कसं, हे सांगताना ‘ग्रंथाली’चा विषय निघाला. सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या या वाचक चळवळीनं ‘बलुतं’, ‘उपरा’ यांसारखी पुस्तकं काढली, गावोगाव ग्रंथ नेले. बाईंचं म्हणणं होतं, की वाचक कोण हे आधी नावानिशी माहीत हवं. मला माझे वाचक माहीत होते. ते धरणाच्या कडेला वरच्या वाड्यांत राहतात.

कार्यशाळेनंतर पाच महिन्यांत मी सगळं पुन्हा लिहिलं. आता 238 पानं आहेत. सारांश आणि नमुना दोन प्रकाशकांकडं गेलाय, उत्तराची वाट बघतोय. एका वहीत पुस्तक घेईन म्हणणाऱ्यांची 53 नावं आहेत. त्यात हमाल आहेत, टेम्पोवाले आहेत, सातगाव पठारावरून बटाटा घेऊन येणारे दोघे शेतकरी आहेत.

मेमध्ये पाणी उतरलं तेव्हा आईला घेऊन मी तिच्या माहेरच्या वाडीवर गेलो. पाणी हटलं की तिथले लोक उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतात. ‘शाश्वत’ संस्थेच्या कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी या शेतीसाठी इथल्या लोकांबरोबर बरीच वर्षं काम केलं. संध्याकाळी देवळापुढं वीसेक माणसं जमली आणि मी पहिलं प्रकरण वाचलं. छपराचं. मधेच एका आजोबांनी हात वर केला.

“त्या खाचराचं नाव चुकलं. मोठं खाचर नाही, चिंचखाचर.”

दुसऱ्या बाजूनं एक आजी म्हणाल्या, चिंचखाचर खालचं, हे वरचं. मग वाचन राहिलंच. कोणाचं खाचर कुठं होतं, पाणवठा कुठं, गुरं कुठल्या वाटेनं यायची, सगळे हातानं पाण्याकडं दाखवून सांगू लागले. आईही उठून त्यांच्यात जाऊन बसली. मी पानं उलटी केली आणि कोऱ्या बाजूला नावं लिहून घ्यायला लागलो. अंधार पडेपर्यंत अकरा पानं भरली होती.