वाघ्याची वर्षासहल

सहलीला जाण्यापेक्षा सहलीचा बेत करणे अधिक सुखाचे असते, असे माझे जुने मत आहे. नकाशावर घाट चढताना दम लागत नाही आणि कल्पनेतल्या पावसाने शिधा भिजत नाही. गेले आठ दिवस राहुरीच्या आमच्या बिऱ्हाडात रात्रीच्या जेवणानंतर हाच एक विषय चालला आहे. भाद्रपदातला एक अख्खा दिवस काढायचा, पायी चालत धबधबा पाहायचा आणि वाघ्याला बरोबर न्यायचे.

वाघ्या हा आमचा कुत्रा. जात गावठी, वय अकरा, मागच्या उजव्या पायात किंचित कसर. पुढच्या पावसाळ्यात त्याला घाट चढवेल की नाही, ही शंका घरातल्या प्रत्येकाच्या मनात आहे, परंतु ती कोणी बोलून दाखवीत नाही. बेत इतक्या बारकाईने चालला आहे तो बहुधा त्याचमुळे.

धबधब्यांच्या बाबतीत आम्हा राहुरीकरांचे नशीब थोडे विचित्र आहे. मुळा हरिश्चंद्रगडाकडून येते, प्रवरा रतनगडाकडून. दोघींच्या पाण्यावर आमचा ऊस पोसतो. पण इकडे पोहोचेपर्यंत त्यांचे उड्या मारण्याचे वय सरलेले असते. बारागाव नांदूरच्या धरणात तर मुळा अगदी प्रपंचात पडल्यासारखी बसली आहे. उड्याच पाहायच्या तर अकोले तालुका गाठला पाहिजे.

चिरंजीवांचा कौल अर्थातच रंध्याला होता. १९२६ साली पुरे झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाखाली प्रवरा तेथे सुमारे १७० फूट कोसळते, आणि ते दृश्य पाहण्याजोगे आहे यात वाद नाही. परंतु एवढ्या लांब जायचे म्हणजे दिवस मोटारीतच जायचा, आणि मोटार वाघ्याला मानवत नाही. त्यातच माझ्या वाचनात एक गोष्ट आली. अकोल्याच्या शेतशिवारात वावरणाऱ्या बिबट्यांच्या आहाराचा विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार, वजनाच्या हिशेबाने त्या आहाराचा ३९ टक्के भाग पाळीव कुत्र्यांचा होता. शेळ्यांचा वाटा त्याहून पुष्कळच कमी. आता, बिबट्या ही काही अकोल्याचीच मिरास नव्हे. आमच्या उसातही त्याचा संचार आहे. पण हा आकडा मी मोठ्याने वाचला तेव्हापासून आमच्या सौभाग्यवती तिन्हीसांजेनंतर वाघ्याला अंगणातसुद्धा उतरू देत नाहीत. नावात वाघ असून भागत नाही, हे त्यांचे म्हणणे मला खोडता आलेले नाही.

तेव्हा रंधा मागे पडला आणि डोंगरगण ठरले. वांबोरीपर्यंत वाहनाने जायचे, तेथून घाट चढून, मांजरसुंब्याचा गड नजरेत ठेवीत डोंगरगण गाठायचे. रामेश्वराचे देवस्थान, झाडीची दरी आणि पाऊस बरा झाला असेल तर एक लहानसा धबधबा. साहेब लोक या जागेला ‘हॅपी व्हॅली’ म्हणत. रंध्यापुढे हा धबधबा म्हणजे ओढ्यापुढे पन्हळ. पण तेथवर पायी जाता येते. श्रावणी सोमवारची गर्दीही एव्हाना ओसरलेली असते.

कुत्रा बरोबर असला की वेळापत्रक माणसाचे राहत नाही. त्याला घाम येतो तो जवळजवळ पायांच्या तळव्यांनाच. बाकीची उष्णता धापा टाकूनच बाहेर जायची. भाद्रपदातले ऊन तर प्रसिद्धच आहे. म्हणून पहाटे निघून नऊच्या आत घाट संपवायचा. पाण्याची एक बाटली केवळ त्याची. खडकाळ उतारावर फुरशाचे भय, तेव्हा दोरी सोडायची नाही. मेंढपाळांच्या कुत्र्यांना लांबून वळसा. भाकरी त्याच्यासाठी वेगळी, कारण कांदा कुत्र्याला अपायकारक असतो, आणि कांद्याच्या या मुलखात बिनकांद्याचा झुणका करायचा म्हणजे घरात एक ठरावच मांडावा लागतो. तो बहुमताने संमत झाला. परत वांबोरीत चारच्या आत.

या सर्व खटाटोपावर शेजारच्या अण्णांनी हसून धर्मराजाचा दाखला दिला. तोही कुत्र्याला घेऊनच निघाला होता, त्याने कुठे बाटल्या मोजल्या? मी म्हटले, “अण्णा, धर्मराजाला परत यायचे नव्हते.”

वाघ्याला त्या धबधब्याचे काय, असाही प्रश्न निघाला. मला वाटते, काहीच नाही. पडणारे पाणी त्याला गोंगाटच वाटेल. त्याची सहल वाटेवरच्या प्रत्येक दगडापाशी, दर बाभळीच्या बुंध्याशी होणार. आपण ज्याला वाट म्हणून मागे टाकतो तेच त्याचे मुक्कामाचे ठिकाण. त्यामुळे सौभाग्यवतींनी अखेरची अट घातली, तेव्हा मला ती फारशी जाचक वाटली नाही. घाटात वाघ्या जेथे बसेल तेथेच आपली सहल संपली. तेथेच शिदोरी सोडायची आणि मागे फिरायचे.

चिरंजीव यावर काही बोलले नाहीत. रंध्याचा रुसवा अद्याप असावा, असा माझा तर्क होता. काल रात्री पाहतो तो, जुन्या सतरंजीच्या चारही टोकांना ते दाभणाने दोरीचे बंद शिवीत बसले होते. शिवून झाल्यावर वाघ्याला तिच्यावर निजवून, एका बाजूला आपण आणि दुसऱ्या बाजूला बहीण, असा दोघांनी तो उचलून पाहिला. वजन पेलले.