चहातल्या मोत्यांचं भांडण

मुलांनो, चहात कधी साबुदाणा पाहिलाय? तैवानच्या ताइचुंग शहरात ‘चुन शुई तांग’ नावाचं जुनं चहाचं दुकान आहे. तिथे आम्ही तीन पेले मागवले.

पहिला गार काळा चहा, बर्फ घालून खळखळून हलवलेला. वर हा जाड फेस! ‘बबल टी’तला बबल म्हणजे मुळात हा फेस, तळाच्या गोळ्या नव्हेत. दुसरा दुधाचा, काळ्या मोत्यांचा. जाडजूड स्ट्रॉने ओढलं की गोळी सुळ्ळकन तोंडात! मऊ, पण चिवट. गिळायची नाही हं, चावायची. टॅपिओकाच्या कंदाच्या पिठाच्या या गोळ्या म्हणजे आपल्या साबुदाण्याची चुलत भावंडंच. तिसरा बिनसाखरेचा हिरवा चहा. तो मात्र मला कडूच लागला.

पण मोती चहात आधी घातले कुणी? हे दुकान म्हणतं, आम्ही. ताइनान शहरातलं ‘हानलिन’ म्हणतं, छे, आम्ही! १९८६ साली बाजारातल्या पांढऱ्या गोळ्या पाहून आम्हाला सुचलं. दोघं कोर्टात गेले, भांडण दहा वर्षं चाललं. २०१९ मध्ये निकाल लागला : पेटंट कुणाकडेच नाही, तेव्हा हा चहा कुणीही करावा. पहिला कोण, ते ठरवायची गरजच नाही!