जोडी जमताना

लेकाने समुद्री मासे पाळले आहेत. 'फाइंडिंग नीमो' (२००३) या सिनेमातले नारिंगी-पांढरे क्लाउनफिश. जोडी जमावी म्हणून एक मोठा, एक छोटा आणला. मोठा दिवसभर छोट्याच्या मागे लागून चावे घेतो.

सूनबाई म्हणाली, "आई, वेगळे करू या का?"

गंमत अशी, की लहानपणी यांच्यात मादी कुणीच नसते. जोडीतला जो वरचढ, तो मादी होतो. दुसरा नर राहतो. एकदा मादी झाली की पुन्हा नर होणे नाही. म्हणजे ही मारामारी घरची मालकीण कोण, याची! छोटा कडेला होऊन अंग थरथरवतो, "तुमचंच खरं" म्हटल्यासारखा. मग बहुधा मार कमी होतो. दोघे सारख्याच आकाराचे असले, तर भांडण लांबते.

पण थरथरूनही मार थांबला नाही, पर फाटले, खाणे सुटले, तर मध्ये जाळी घालायलाच हवी. समुद्रात पळायला वाट तरी असते, टाकीत चारी बाजूंना काच.

लग्न झालेल्या मुलींना आपण सर्रास सांगतो, "थोडं सांभाळून घे." मान तुकवूनही मार थांबत नसेल, तर सांभाळायचे काय? माहेरचे दार उघडे हवे.

लेकाने जाळी आणून ठेवली आहे.